मागून शिकलेलं

९ फेब्रुवारी, सोमवार

अम्माचीला दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेलाय. तोंड जरा वाकडं झालंय, त्याचं मला काही नाय. पण तिची मराठी गेली.

डॉक्टरला म्हणले, ही बोलती, पण मला कळंल असं काही बोलत नाय. तो म्हणला, मेंदूला धक्का बसला की कधी कधी असं होतं, मागून शिकलेली भाषा जाती, लहानपणची राहती. परत येईल का विचारलं तर खांदे उडवले. खांदे तर मला बी उडवता येतात.

अम्माची म्हणजे अन्नम्मा, मी जिच्या घरी कामाला हाय ती. केरळातून नर्स म्हणून तरुणपणी इकडं आली. इथंच लग्न, इथंच लेकरू, इथंच नवरा पुरला. आमच्या बजाजनगरातल्या निम्म्या बायांची बाळंतपणं तिच्या हातची. कळा देताना आरडणाऱ्या बाईला ती अशा मराठीत झापायची की माझ्या माहेरचे मेंढके लाजतील. ती सगळी भाषा एका सकाळी पुसली गेली. आता मी "पाणी देऊ का" म्हणलं की ती माझ्या तोंडाकडं बघती, जशी मीच वेडी झालेय.

ही वही तिनंच लावून दिली. चौथीनंतर मी मेंढरामागं गेले, त्यामुळं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रोज चार ओळी लिही, म्हणायची. वाचणारी आता वाचत नाय. तरी लिहिते, हात वळवळतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चर्चमध्ये वर्गाला गेले. ईस्टरला बाप्तिस्मा घेणारे आम्ही तिघं. आम्ही काय मानतो ते सगळं एका दमात म्हणायचं असतं, ते पाळकसाहेब पाठ करून घेतात. मला पाठ झालंय, पण तोंडात खडे धरल्यागत वाटतं.

तुम्ही या वाटेला कशा लागलात, असं त्यांनी विचारलं. म्हणले, कामाला लागले तशी लागले. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

खरंच तसं हाय. संध्याकाळी काम उरकलं की अम्माची प्रार्थनेला बसायची. मी दारात उभी, पिशवी हातात, हिचं कधी संपतंय म्हणून. ती विचारायची, "बाना, आज त्याला तुझं काय सांगू?" मी म्हणायचे, काही सांगू नको, मला भाजी आणायचीय. असं किती दिवस चाललं. एक दिवस माझ्या तोंडून निघालं, रामेश्वर म्हण.

रामेश्वर माझा पोरगा. वाळूजच्या रस्त्यावर गाडीखाली गेला, चार वर्षं झाली. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाय. नाव निघालं की मुंजाबा, म्हणजे माझा नवरा, उठून बाहेर जातो. अम्माचीनं त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचं नाव घेतलं. एवढंच झालं. चमत्कार काही नाय. झाला असता तर मीच पळाले असते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अम्माचीचा लेक जोजी कुवेतला हाय. त्याला फोनवर म्हणले, तुझी आई मला कळत नाय, मी तिला कळत नाय, हागमूत तर काढते पण मुक्या जनावरासारखं किती दिवस चालायचं. मला तुमची भाषा शिकव.

तो हसला. म्हणला, "बानामावशी, माझी मल्याळी खाण्यापिण्यापुरतीच आहे. मी बजाजनगरात वाढलो."

खाण्यापिण्यापुरतीच पायजे, म्हणले. मला काय भाषण करायचंय?

तो शब्द बोलून पाठवतो, मी ऐकते. वेळ्ळम म्हणजे पाणी. ता म्हणजे दे. वा म्हणजे ये. इरी म्हणजे बस. मदी म्हणजे पुरे. वेदना म्हणजे वेदनाच, हे एक बरं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मी भाजीवाल्याला रडवणारी बाई. पण अम्माचीपुढं "वेळ्ळम" म्हणायचं तर कान गरम होतात. लेकरागत बोलावं लागतं आणि ती हसती. अर्ध्या तोंडानं का होईना, हसतीच.

मुंजाबा कंपनीच्या गेटवर वॉचमन हाय. ड्युटीवरून आला आणि जेवताना म्हणला, "तिला तुझं कळंना, तुला तिचं कळंना. दोघी दिवसभर करता काय?"

म्हणले, आपण दोघं एकाच भाषेचे हाव, आपण काय करतो?

त्यानं भाकरी मोडली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कूस बदलायचा शब्द ऐनवेळी आठवंना. हात तिच्या खाली अडकलेला. माझ्या तोंडातून मेंढरं वळवायचा आवाज निघाला, जीभ टाळ्याला लावून काढतात तो. आणि म्हातारी वळली. आधी मी हसले, मग ती. तिच्या डोळ्यातून पाणी आलं हसून.

१ मार्च, रविवार

मी आधी मनात सगळं वाक्य जमवायचे, मग बोलायचे. तोवर तिचा घसा कोरडा पडायचा. आता तोडकं बोलते. चुकतं, पण पाणी वेळेवर मिळतं.

प्रार्थनेचं बी माझं तसंच हाय. आजवर मोठ्यानं एकदा बी केली नाय. अम्माची करायची, मी शेवटी आमेन म्हणायचे. शब्द जमले की करीन, असं म्हणत आले. पाळकसाहेब वर्गात म्हणले, बानाबाई, आज तुम्ही करा. मी म्हणले माझा घसा बसलाय.

संध्याकाळी अम्माचीला उशीला टेकवून बसवलं. दुखण्यानंतर आज पहिल्यांदा तिनं स्वतःहून डोळे मिटले आणि सुरू केलं, सगळं मल्याळीत, लांबच्या लांब. मला त्यातलं "कर्तावे" तेवढं कळलं, म्हणजे हे प्रभू. बाकी नुसता भातावर पाऊस पडल्यागत आवाज. मी आपली चादर नीट करत होते.

मधेच ती म्हणली, रामेश्वर.

मी हातातली चादर सोडली. मला वाटलं भास झाला. पण पुढं परत म्हणली.

मला बाना म्हणायचं ती विसरली हाय. मोळे म्हणती, म्हणजे पोरी. पोराचं नाव नाय विसरली.

मुंजाबाला सांगितलं. तो उठून बाहेर नाय गेला. विचारलं, "नीट ऐकलंस?" म्हणलं व्हय, दोनदा. मग तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

९ मार्च, सोमवार

पाय भाजला. अम्माचीसाठी कंजी, म्हणजे पातळ भात, वेळत होते. पातेलं निसटलं आणि उकळती पेज पायावर. बोटांना फोड आलेत. पायाचं काय, बरा होईल. लिहायचं वेगळं हाय.

पेज सांडली तेव्हा मी ओरडले, "बिरोबा!"

येशू नाय म्हणलं. प्रभू नाय म्हणलं. बिरोबा. माझ्या बापानं लांडगं आलं की मारायची ती हाक. इतकी वर्षं मी ती मारली नव्हती, मला वाटलं गेली. गेली कुठं, तळाला बसून होती.

आता मला डॉक्टरचं सगळं कळलं. अम्माचीची मराठी वरची होती. धक्का बसला, वरचं उडालं, खालचं राहिलं. उभ्या जन्माची मराठी उडती, तर माझा येशू तीन वर्षांचा. उद्या माझ्या डोक्याला असंच झालं तर मी कुणाला हाक मारीन? आणि आता जे मी रविवारी गाते, मान खाली घालते, ते मग काय हाय? नुसतं पाठांतर?

बिरोबावर माझा राग नाय. लहानपणी त्यानंच राखलं. पण दोन ठिकाणी सही करणारी बाई मी नाय.

१४ मार्च, शनिवार

लंगडत चर्चला गेले आणि पाळकसाहेबांना सांगितलं, माझं नाव काढा. माझं वरवरचं हाय. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, पायाची चौकशी केली. मी पेजेपासून सगळं सांगितलं.

ते हसले. म्हणले, "मी जन्माचा ख्रिस्ती, माझे आजोबासुद्धा पाळक. दारात बोट चेंगरलं की मी 'आई गं'च म्हणतो. आई काय देव आहे का?"

मला राग आला. म्हणले, साहेब, तुमचं खालचं आणि वरचं एकच हाय, तुम्हाला हसायला जातं. तुम्ही काही शिकलाच नाय, तुम्ही त्यातच जन्मलात. अम्माचीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, परक्या भाषेत संसार केलाय तिनं. पण तिला विचारायची सोय राहिली नाय.

त्यांनी हसल्याची माफी मागितली, हे चांगलं केलं. मग म्हणले, नाव काढत नाय, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ठेवतो. तोवर काय ते सांगा.

वाळूजच्या रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. पाय दुखत होता म्हणून.

२२ मार्च, रविवार

माहेरी गेले होते, कन्नड गावाच्या अलीकडं. अम्माचीजवळ चर्चमधल्या मालनबाई थांबल्या. भावाच्या, सर्जेरावच्या, नातवाचं जावळ होतं.

सर्जेरावनं सगळ्यांसमोर भंडाऱ्याचं ताट माझ्यापुढं धरलं आणि म्हणला, "घे आक्का, का आता हात भाजतो?"

म्हणले, पाय भाजलाय, हात नाय. पोराच्या कपाळाला मी बोटभर लावला. पोर गोड हाय. चुकलं असंल तर चुकलं.

जेवणं झाल्यावर त्याच्याबरोबर मेंढरं बघायला गेले. गहू निघालेल्या रानात बसवलीत. त्यानं त्यातली काही पलीकडच्या वस्तीवरच्या कडूबाकडून विकत घेतलेली. आम्ही बोलत असताना खालच्या वाटेनं कडूबा त्याचा कळप घेऊन चालला होता. त्यानं त्याच्या मेंढरांना हाक दिली. आमच्या कळपातल्या त्या विकतच्या मेंढ्यांनी लगेच माना वर केल्या. एक तर चार पावलं चालली.

मी म्हणले, अरे, जातील ना त्या.

सर्जेराव तंबाखू मळत होता. उठला बी नाय. म्हणला, "कशाला जातील? दोन वर्षं झाली इथं. त्याची हाक आली की माना तेवढ्या वर करतेत. जलमभर करतील."

चार पावलं गेलेली मेंढी थांबली, वळली आणि सर्जेरावच्या पायापाशी येऊन चरायला लागली. त्यानं तिच्याकडं बघितलं सुद्धा नाय.

मी तिथं लई वेळ उभी राहिले. शेवटी वहिनी बोलवायला आली, म्हणली ऊन लागंल. लागलंच. परतीच्या बसमधी डोकं ठणकत होतं.

२८ मार्च, शनिवार

वर्गाला गेले नाय. अम्माचीच्या छातीत घरघर हाय. नीट गिळत नाय. जोजीला कळवलं, तो रजा टाकतो म्हणला. "पेडिक्कंडा" शिकले, म्हणजे भिऊ नको. तो शब्द आता सारखा लागतो.

२ एप्रिल, गुरुवार

आज दुपारी अम्माचीचा श्वास अडकला. ओठ निळे. मी एकशेआठला फोन लावला, बाई म्हणली गाडी निघाली, येते. जोजी विमानात. घरात मी एकटी.

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. धडधाकट माणसात नसती तेवढी ताकद. माझ्याकडं बघून म्हणली, "प्रार्थिक्कू."

हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी मराठीत सुरू केलं, हे प्रभू, तुझ्या दासीवर. एवढ्यावर ती मान हलवायला लागली, डोळे मोठे झाले. भिऊन गेली. तिला काही कळत नव्हतं, परक्या बाईनं काहीतरी पुटपुटल्यागत वाटलं असंल. मग मी पाठ केलेलं म्हणायला गेले, तर पहिली ओळ सुद्धा येईना. जिभेवर काहीच नाय.

माझ्याकडं तिच्या भाषेतले शब्द किती, तर पाणी, ये, बस, दे, पुरे. तेवढेच काढले.

"कर्तावे, वा," म्हणले. प्रभू, ये.

ती स्थिर झाली.

"इविडे इरी." इथं बस. "वेळ्ळम ता." पाणी दे. "वेदना मदी." दुखणं पुरे.

मग शब्द संपले. ती अजून बघतच होती. मग जे सारखं तोंडात बसलं होतं ते निघालं, "कर्तावे, पेडिक्कंडा."

निघाल्यावर कळलं. मी देवालाच सांगितलं, भिऊ नको म्हणून. अम्माचीला सांगायचं ते त्याला सांगितलं. पण आता मागं कसं घेणार? आणि ती "आमेन" म्हणली. बारीक, पण म्हणली. मनगट सोडलं नाय, पण पकड सैल केली. गाडी येईस्तोवर मी तेच तेच म्हणत राहिले. ये, इथं बस, पाणी दे, पुरे कर, भिऊ नको. किती वेळा म्हणलं कुणास ठाऊक. मला लाज वाटली नाय. लाज वाटायला सवडच नव्हती.

आता आयसीयूत हाय. निमोनिया म्हणतात. बाहेरच्या बाकड्यावर बसून लिहिते. सकाळपासून बिरोबाची आठवण आली का, असं आत्ता मनात आलं. नाय आली. पण आली असती तरी मी पुढं हेच म्हणलं असतं, असं वाटतं.

३ एप्रिल, शुक्रवार

जोजी सकाळी आला. आईला बघून दाराबाहेर येऊन रडला. मला म्हणला, मावशी, तू घरी जा. मी घरी न जाता चर्चला गेले. गुड फ्रायडे, तीन तासांची भक्ती.

पाळकसाहेब येशूच्या शेवटच्या गुरुवारपासून सांगत आले. पकडायच्या आधी येशू बागेत गेला आणि लई घाबरला, म्हणले. घामाच्या धारा लागल्या. बरोबरच्या माणसांना म्हणला, माझा जीव कासावीस झालाय, इथं माझ्यापाशी बसा, जागे राहा. ते झोपले. त्याला भिऊ नको म्हणायला कुणी नव्हतं.

हे ऐकलं आणि मला बाकड्यावर नीट बसवंना.

दर वर्षी सांगत असतील. मीच ऐकलं नसंल, दारातच उभी असंन.

भक्ती सुटल्यावर पाळकसाहेबांना कालचं सांगितलं. चुकलेलं बी सांगितलं, देवाला भिऊ नको म्हणले ते. या वेळी हसले नायत. विचारलं, काल म्हणजे गुरुवारी ना? म्हणलं व्हय, दुपारी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग म्हणले, शनिवारी येताय का सांगायला?

म्हणले, शनिवारी कशाला, आत्ताच सांगते. ठेवा नाव.

५ एप्रिल, रविवार

मुंजाबा आला होता. सांगितलं नव्हतं मी. दुपारची ड्युटी म्हणून ड्रेस घालूनच आला आणि आत येईना. चर्चच्या दाराशी उभा राहिला. पाळकसाहेबांच्या बायकोनं दोनदा बोलावलं. तो म्हणला, मला उभं राहायची सवय हाय ताई. माझ्या चपला सांभाळत उभा राहिला.

पाठ केलेलं सगळं म्हणले. दोनदा अडखळले. खडे अजून हायेत, पण बोलता येतं. पाणी थंडगार होतं आणि पाळकसाहेबांनी हात आखडता घेतला नाय, पदर ओला झाला.

तिथून तशीच दवाखान्यात गेले. अम्माचीला कालच आयसीयूतून बाहेर आणलंय. नाकात नळी, पण डोळे लख्ख. जोजी चहाला खाली गेला होता. मी "अम्माची" म्हणलं आणि खाटेशी वाकले.

तिनं डावा हात उचलून माझे ओले केस चाचपले. बोटांना लागलेलं पाणी बघितलं. मग मल्याळीत बोलायला लागली, हळूहळू, थांबत थांबत, लांबलचक काहीतरी. मला त्यातलं मोळे कळलं आणि वा कळलं. बोलून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. काहीतरी विचारलं होतं.

जोजीला हाक मारता आली असती.

मी व्हय म्हणले.